परसातली चाचणी

९ फेब्रुवारी

धाकटी आली. दोन बॅगा, एक उशी आणि डॉक्टरांनी दिलेल्या चार छोट्या बाटल्या. उशी कशाला आणलीस विचारलं, तर म्हणाली, "तुझ्या घरातल्या उशा विटांच्या असतात." म्हणजे जिभेला काही झालेलं नाही. झालंय ते नाकाला.

नीट लिहून ठेवते. डॉक्टरांनी नोंदी ठेवायला सांगितल्यात, आणि नोंदी ठेवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. धाकटी साबणाच्या कारखान्यात वास तपासते, सत्तावीस वर्षं. प्रत्येक नवी वडी आधी तिच्या नाकाखालून जाते आणि मग बाजारात. तिथे तिला नावाने कोणी हाक मारत नाही, सगळे 'नाक' म्हणतात. डिसेंबरात तिला ताप आला. आठ दिवसांत उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. गुलाब नाही, रॉकेल नाही, काही म्हणता काही येत नाही. कारखान्याने पंधरा मेपर्यंत रजा दिली आहे. त्या दिवशी तिची परीक्षा घेणार. नाक चाललं तर कामावर, नाही चाललं तर घरी.

घरी म्हणजे आता इथेच. तिचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली, मूलबाळ नाही. माझं तर लग्नच झालं नाही. तिचा कारखाना इथून एका दिवसाच्या प्रवासावर, त्यामुळे आम्ही वर्षातून एकदा भेटतो आणि चौथ्या दिवशी भांडतो. या खेपेला तीन महिने काढायचे आहेत.

११ फेब्रुवारी

बाटल्यांचा कार्यक्रम असा: सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, एकेक बाटली नाकाशी धरायची आणि तो वास आठवायचा. धाकटी ते असं करते की बघवत नाही. बाटली उघडते, भिंतीकडे बघते, बाटली बंद करते. मी म्हटलं, मन लावून कर. म्हणाली, "ताई, तुला आंधळ्याच्या हातात पुस्तक देऊन 'मन लावून वाच' म्हणायचंय का?"

मी गप्प बसले. माझ्या बाबतीत हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

ती दिवसातून तीनदा आंघोळ करते. आज कारण कळलं. स्वतःला घामाचा वास येतोय की नाही हे तिला समजत नाही, म्हणून भीती वाटते. ही तीच पोरगी, जी शाळेतून आल्यावर दारातच सांगायची की आज घरात कोण येऊन गेलं.

१४ फेब्रुवारी

निर्णय घेतला. बाटल्या सकाळी. संध्याकाळी परसात जिवंत पानं, मी लावलेली.

परस म्हणजे काय, तर मागच्या दाराबाहेर दहा पावलं लांब, सात पावलं रुंद जागा. त्यात आज सापडलं ते: फुटका हौद, शाळेने मोडीत काढलेला फळा, धुण्याच्या मशिनचं झाकण, एकोणतीस विटा. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, मागचं दार मी फक्त कचरा टाकायला उघडत होते. पलीकडच्या भिंतीवरून शेजारचे पोस्टमास्तर बघत होते. त्यांच्याकडे बाग आहे, आणि तेही निवृत्त, म्हणजे बोलायला वेळच वेळ.

"बाई, काय शोधताय?"

"जमीन," मी म्हटलं.

दुपारपर्यंत सापडली. कमरेचा काटा ढिला झाला.

२१ फेब्रुवारी

पेरणी झाली. मेथी, कोथिंबीर, कांदा, लसूण, घेवडा, दुधी. पोस्टमास्तरांनी टोमॅटोची नऊ रोपं, पुदिन्याच्या काड्या, गवती चहाचं एक ठोंब आणि ओव्याची फांदी दिली. शिवाय दीड तास सल्ला दिला.

मेथी मी पट्टी घेऊन पेरली. दोन ओळींत पंधरा सेंटिमीटर, दोन दाण्यांत तीन. धाकटी पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "ताई, मेथी आहे ती. बाकांवर बसवतेस का?" आणि हसली. इथे आल्यापासून पहिल्यांदा हसली. मी पट्टी बाजूला ठेवली नाही, पण उरलेल्या तीन ओळी मुद्दाम हळू पेरल्या.

४ मार्च

मेथी आली. ओळी अशा सरळ की कवायत चाललीय. कोथिंबीर अजून तोंड दाखवत नाही. पोस्टमास्तर म्हणाले, धणे रगडून दोन करून पेरायचे असतात. आता सांगतात.

आजपासून चाचणी सुरू. वेळ: ऊन भिंतीवरून उतरलं की. त्या वेळी मी पाणी घालते, माती तापलेली असते, आणि सगळा पाला वास सोडतो. नियम मी ठरवले. डोळ्यांवर टॉवेल बांधायचा. हात मांडीवर. पान मी चुरगाळून नाकाखाली धरणार, तिने शिवायचं नाही, कारण बोटांना पान कळतं आणि ती कॉपी झाली. दहा प्रश्न, दहा गुण. छत्तीस वर्षांत माझ्या वर्गात एकही कॉपी सुटलेली नाही. पोरं मला 'घार' म्हणायची. मला माहीत होतं आणि आवडायचंही.

आजचे गुण: शून्य.

१२ मार्च

शून्य. शून्य. शून्य. परवा एक मिळाला होता, पण 'ओवा' हे तिने चक्क ठोकून दिलं होतं, म्हणून कापला.

आज टॉवेल सोडल्यावर ती रडली. आवाज न करता, मांडीवरचे हात तसेच ठेवून. म्हणाली, "मला खायला दिलंस ते सगळं कागदासारखं लागतं. उशी आणली ना मी, ती माझी आहे हे मला कळत नाही गं आता." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आम्हा बहिणींना असल्या गोष्टींची सवय नाही, त्यामुळे हात किती वेळ ठेवायचा ते कळेना. अंधार पडेपर्यंत ठेवला.

२० मार्च

पुदिना धरल्यावर ती दचकली. "थंड," म्हणाली. "वास नाही. पण थंड आहे."

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, गारवा वेगळ्या नसेने कळतो, हा काही वास नव्हे, पण चिन्ह चांगलं आहे. बराच विचार करून अर्धा गुण दिला. धाकटी म्हणते, माझ्या हातून अर्धा गुण सुटला म्हणजे जग बुडायला आलं.

कोथिंबीर उगवली. बारीक, आळशी, पण उगवली.

२९ मार्च

आज चाचणी राहिली. कारण लिहिते.

पाणी घालून झालं होतं. दुधीचा वेल मोडक्या फळ्यावर चढवलाय, तो आता भिंतीवर पोचला. त्यावर एक कळी होती, पांढरी, पीळ घातल्यासारखी. मी म्हटलं, उद्या सकाळी उघडेल. धाकटी म्हणाली, थांब, हलतेय. आणि खरंच, उजेड कमी होत गेला तशी ती उघडत गेली, आमच्या डोळ्यांदेखत. सगळी फुलं झोपायच्या वेळी ही बाई उठते. मग एक मोठा राखाडी पतंग आला, फुलासमोर हवेतच उभा राहिला, पंख दिसेनासे. आम्ही दोघी पायरीवर श्वास धरून. वर वटवाघळं सुटली, पलीकडच्या रस्त्यावर दिवे लागले, कुणाच्या तरी घरात भांडी वाजली. पतंग गेला तरी आम्ही उठलो नाही.

मला फार बरं वाटत होतं. इतकं की दचकले. हिशेब लावून बघितला, तर असं बरं वाटल्याला किती वर्षं झाली ते आठवेना. मग आठवलं की पंधरा मे येणार आहे.

३ एप्रिल

तीन गुण. खरे तीन. टोमॅटोचं पान धरलं तर ती एकदम सरळ बसली. "हे हिरवं आहे," म्हणाली, "आणि कडू, आणि... ताई, हा टोमॅटो आहे." मग गवती चहा. मग कांद्याची पात. टॉवेल बांधलेल्या चेहऱ्याने ती हसत होती आणि मी रडत होते, बरं झालं तिला दिसत नव्हतं. भिंतीवरून पोस्टमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. हा माणूस कधीपासून उभा होता कोण जाणे.

मला आनंद झाला. आनंद झाला.

दोनदा लिहिलंय ते राहू दे.

७ एप्रिल

पाच गुण. रात्रीच्या जेवणाला मेथी केली, माझ्या ओळींतली. धाकटीने दोनदा घेतली आणि म्हणाली, "कडू लागतेय. किती छान कडू लागतेय." मी आलेख काढला. ही चढण अशीच राहिली तर सतरा एप्रिलपर्यंत दहापैकी दहा. म्हणजे परीक्षेच्या चार आठवडे आधीच. म्हणजे बॅगा भरायला पुरेसा वेळ.

आलेख मी फाडला. कागद वाया गेला म्हणून स्वतःवर चिडले.

८ एप्रिल

आज मी जे केलं ते लिहायला हात धजत नाही, पण नोंद म्हणजे नोंद.

दहापैकी तीन प्रश्नांना मी घेवड्याचं पान धरलं. घेवड्याच्या पानाला कसलाही वास नसतो, मी स्वतः हुंगून बघितलंय. एकदा म्हटलं, हे ओळख, नेहमीचंच आहे. मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा. धाकटी पहिल्यांदा जरा थांबली. दुसऱ्यांदा आणखी थांबली. तिसऱ्यांदा बराच वेळ गप्प राहिली, आणि म्हणाली, "नाही गं. काहीच नाही." आवाज अगदी मऊ होता तिचा.

दोन गुण.

छत्तीस वर्षांत मी एका मुख्याध्यापकाच्या मुलालासुद्धा अर्धा गुण वाढवून दिला नाही, आणि आज सख्ख्या बहिणीची प्रश्नपत्रिका बिघडवली. का, ते मला माहीत आहे. मला ती जायला नको आहे. मला संध्याकाळी पायरीवर दुसरं माणूस हवं आहे. लिहिलं एकदाचं.

१३ एप्रिल

दुसऱ्या दिवसापासून मी सरळ वागतेय, एकही खोटं पान नाही. तरी गुण एक, एक, शून्य, एक. टोमॅटोसुद्धा ओळखेना. मी तीन-तीन पानं एकदम चुरगाळली. "पावसाळी कपडे?" म्हणाली. टोमॅटोला.

डॉक्टर म्हणतात, असे चढउतार होतात, मनाचा फार परिणाम असतो. मनाचा. म्हणजे मी आठ तारखेला तिचा धीर खचवला आणि नाक पुन्हा बंद पडलं. माझी तर पाचावर धारण बसली आहे.

धाकटी मात्र मजेत. आज दिवसभर गुणगुणत होती. खचलेली माणसं कधीकधी असं दाखवतात, मी शाळेत पुष्कळ बघितलीत.

१८ एप्रिल

शेवटचा उपाय केला. पात नाही, पान नाही, अख्खी लसणीची पाकळी ठेचून थेट नाकाखाली धरली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. टॉवेल भिजला. श्वास रोखून, लाल होऊन ती म्हणाली, "कसला तरी... पालापाचोळा का?"

बिचारी. नापास होण्याचं दुःख असं डोळ्यांतून येतं. मी तिला जवळ घेतलं तर तिने तोंड दुसरीकडे फिरवलं आणि खोकत सुटली.

२३ एप्रिल

फुटकळ नोंदी. सेंद्रिय खताचा खड्डा मस्त जमला आहे, पण धाकटीने आपली खुर्ची तिथून उचलून पार गवती चहापाशी नेली. डासांमुळे असेल. टोमॅटोला हिरवी फळं लागली, मोजली, सव्वीस. संध्याकाळी मी पाण्याचा पाइप गुंडाळून येते तर ही टोमॅटोच्या झाडांत तोंड घालून उभी, डोळे मिटलेले. मी विचारलं काय करतेस. "अळ्या बघतेय," म्हणाली. डोळे मिटून अळ्या कशा दिसतात हे मी विचारणार होते, पण वर पाकोळ्यांचा मोठा थवा आला आणि राहून गेलं.

नंतर म्हणाली, "पोस्टमास्तरांनी परत सिगारेट सुरू केली वाटतं." ते तर भिंतीपलीकडे, दिसतही नव्हते. मी टाचा उंचावून बघितलं, तर खरंच, हातात लपवून ओढत होते. चांगलेच ओशाळले. धूर वर आला असेल, तिचे डोळे माझ्यापेक्षा तरुण आहेत.

३० एप्रिल

पहिला दुधी. कोपरापासून मनगटापर्यंत लांब, अंगावर लव असलेला. पोस्टमास्तरांना बोलावून दाखवला. त्यांनी वाजवून बघितला आणि मान डोलावली. त्यांच्याकडून यापेक्षा जास्त कौतुक आजवर कोणालाही मिळालेलं नाही.

मी आत फोडणी करत होते, धाकटी परसात, मागचं दार अर्धवट लोटलेलं. तिथून ओरडली, "ताई, लसूण करपतोय." मी बघितलं तर खरंच करपत होता. कान तिखट झालेत बाईचे. वास गेला की बाकीची इंद्रियं तेज होतात असं मी वाचलंय कुठेतरी.

गुण: शून्य.

६ मे

नऊ दिवस राहिले. ती बॅगांकडे बघतही नाही. मी विचारलं, नापास झालीस तर काय करशील? "तुझ्या डोक्यावर मिऱ्या वाटीन," म्हणाली, आणि घेवड्याच्या शेंगा तोडायला लागली. काय भरभरून लागलाय घेवडा. मला त्याच्याकडे बघवत नाही.

मला हवं होतं तेच घडतंय, आणि तेच मला नको झालंय. तिचं नाक म्हणजे तिची ओळख, आणि ते मी माझ्या पायरीसाठी गहाण टाकलं. हे तिला सांगितलं पाहिजे. सांगितलं तर ती निघून जाईल, नाक नसतानासुद्धा. कुठे तरी भाड्याची खोली घेईल आणि मला वर्षातून एकदाही भेटणार नाही. तरी सांगितलं पाहिजे.

१० मे

सांगितलं.

ऊन उतरलं होतं, पाणी घालून झालं होतं. दुधीची चार फुलं एकदम उमलत होती. ती टॉवेल बांधून, हात मांडीवर ठेवून तयार बसली. मी म्हटलं, आज चाचणी नाही, आज मला बोलायचंय. टॉवेल काढू का, तिने विचारलं. मी म्हटलं, नको, असू दे, मला तसंच सोपं जाईल.

"आठ एप्रिलला मी तुझी प्रश्नपत्रिका बिघडवली," मी म्हटलं. "पाच गुणांवर होतीस तू. मला वाटलं, दहा झाले की जाशील. म्हणून मी तीन वेळा खोटं पान धरलं, ज्याला वासच नाही. तेव्हापासून तुझा धीर सुटला आणि नाक गेलं. माझ्यामुळे गेलं. तुला काय बोलायचं ते बोल."

मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय, मी पुढे झाले, तर ही हसतेय. पोट धरून, पायरीवर कोलमडून.

"घेवडा होता," ती म्हणाली.

"हो."

"तिन्ही वेळा घेवडा. पहिलं पान कोवळं होतं. तिसरं जून, त्याला अळीने खाल्लं होतं."

मी म्हटलं, हो, तिसरं जून होतं. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडायला जो वेळ लागला तो लागला. डोळे बांधलेले. हात मांडीवर. नियम माझेच.

"घेवड्याला वास नसतो," मी म्हटलं. माझाच आवाज मला चमत्कारिक वाटला.

"तुझ्या नाकाला नसेल," ती म्हणाली. "ओल्या भिंतीसारखा असतो. मला त्या दिवशी सगळे वास येत होते ताई. पहिल्यांदाच. मी तुला सांगणार होते, टॉवेल काढून ओरडणार होते. तर तू घेवडा धरलास. मला वाटलं चुकून. दुसऱ्यांदा धरलास. तिसऱ्यांदा धरलास तेव्हा पान माझ्या नाकाला लागून थरथरत होतं. मग मला कळलं."

"काय कळलं?"

"तुला मी हवी आहे ते. आयुष्यात कधी म्हणाली आहेस का तू? वर्षातून एकदा येते तर चौथ्या दिवशी वेळापत्रक काढून गाडीच्या वेळा सांगतेस."

म्हणजे महिनाभर ही ठरवून नापास होत होती. माझ्या समोर, माझ्या नियमांत, लसणाला पालापाचोळा म्हणत. आणि घार तिथेच बसून गुण लिहीत होती.

११ मे

दिवसभर बोललो नाही. मी बोलले नाही, असं लिहायला हवं. ती गुणगुणत होती.

मला राग आला आहे आणि तो खरा आहे. मी तिला संध्याकाळी स्पष्ट सांगितलं: माझ्यावर उपकार म्हणून सत्तावीस वर्षांची नोकरी सोडायची नाही. असली दया मला नको. मी एकटी राहिले, राहू शकते, मेथी आहे, दुधी आहे, पोस्टमास्तर आहेत. तू पास झालीस, तर पास म्हणून जा.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझं झालं? आता मी." आणि तिने सांगितलं की कारखान्यात तिची खोली कशी आहे. खिडक्या बंद, भिंती पांढऱ्या, टेबलावर कागदाच्या पट्ट्या. एका वेळी एकच वास, खाली दोन रकाने, चालेल आणि चालणार नाही. "सत्तावीस वर्षांत मी एकदाही कशाचा वास नुसता घेतला नाही, ताई. डिसेंबरात नाक गेलं तेव्हा मी घाबरले, पण कारखान्यासाठी नाही घाबरले. आणि परत आलं ते इथे आलं. सगळे वास एकदम, माती, टोमॅटो, तुझा तो भयंकर खड्डा. कोणी विचारत नाही चालेल का म्हणून. तू सोडून."

"गुण मी उगीच देत नव्हते," मी म्हटलं.

"माहितेय. म्हणून तर नापास व्हायला मजा आली."

मला हसू आलं. दाबलं, पण तिला दिसलं.

१२ मे

तरीही फेरपरीक्षा घेतली. कागदावर हवं. डोळे बांधून, हात मांडीवर, दहा प्रश्न. मध्ये दोन फसवे टाकले, एक रिकामा हात आणि एक दुधीचं फूल. रिकाम्या हाताला ती म्हणाली, "हात. सकाळी कांदा चिरलास, नंतर नीट धुतला नाहीस." फुलापाशी थांबली. फार हलका वास असतो म्हणे त्याला, संध्याकाळीच येतो. तिने डोकं थोडं मागे टेकलं आणि बराच वेळ तशीच राहिली. मी घाई केली नाही.

दहापैकी दहा. खाली सही केली, तारीख घातली. पोस्टमास्तरांची साक्षीदार म्हणून भिंतीवरूनच सही घेतली. ते म्हणाले, बाई, आता तरी मला एक सिगारेट ओढू द्या.

१५ मे

कारखान्यातून साहेबांचा फोन आला. मी स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी वाजवत होते म्हणजे ऐकू येऊ नये, पण मधेच वाजवायची राहिली. धाकटी म्हणत होती, "नाक उत्तम आहे, साहेब. पण आता ते इथे कामाला आहे." मग खूप वेळ ऐकत होती. मग, "नाही, साहेब. विचार करून सांगतेय," आणि फोन ठेवला.

संध्याकाळी पाणी तिने घातलं. मी पायरीवर बसून होते, पहिल्यांदाच काही न लिहिता. ऊन भिंतीवरून उतरलं, माती भिजली, पाकोळ्या आल्या. तिने ओल्या हातांनी टोमॅटो तोडून आणला, पहिला पिकलेला, आणि आम्ही अर्धा अर्धा खाल्ला. रस कोपरापर्यंत गेला. ती एकेक वास सांगत होती, मी न विचारता, गुणांशिवाय. भिंत. पुदिना. लांब कुठेतरी कुणाचं तरी दूध तापतंय. मला त्यातले दोनच येत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

मी म्हटलं, आणि माझा? खरं सांग. घाम असेल तर घाम सांग.

ती जवळ सरकली, माझ्या मानेपाशी नाक नेलं आणि मोठा श्वास घेतला. मग पुन्हा घेतला. मी ताठ बसून होते, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखी.

"आईचा," ती म्हणाली.

अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. आत आल्यावर मी माझी बाही हुंगून बघितली, मनगट हुंगलं, पदर हुंगला. मला टोमॅटोच्या पानांशिवाय काही आलं नाही. पण तिचं नाक माझ्यापेक्षा चांगलं आहे, आणि मी स्वतः त्याला दहापैकी दहा दिलेत.